गांधी टोपी आली कोठून? एका पांढऱ्या टोपीच्या उगमाचा शोध

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरातील शहागंज हा भाग आपल्या धर्मप्रांतातील बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. घड्याळाचा जुना मनोरा, अठराव्या शतकातील मशीद, भोवतालची गजबजलेली बाजारपेठ आणि महात्मा गांधींचा पुतळा ही त्याची ठळक ओळख. २ ऑक्टोबर व ३० जानेवारी या दिवशी पुतळ्याला पुष्पहार अर्पण करण्यासाठी येथे निरनिराळ्या पक्षांचे व संस्थांचे लोक जमतात. त्यांच्यापैकी काहींच्या मस्तकावर पांढरी शुभ्र टोपी असते. ‘गांधी टोपी’ या नावाने ती सर्वांना ठाऊक आहे. मात्र स्वतः गांधीजींनी ती फार थोडा काळ वापरली. त्यामुळेच देशभरातील त्यांचे बहुतेक पुतळे आपल्याला उघड्या मस्तकाचे दिसतात.

ज्याने ती जेमतेम दोन-तीन वर्षे घातली त्याच्या नावाने ही टोपी का ओळखली जाते, आणि मुळात ती आली कोठून, याविषयी जाणकारांत एकमत नाही. कोणी तिचे मूळ काश्मीरमध्ये शोधतात, कोणी दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगात, तर कोणी उत्तर प्रदेशातील रामपूर येथे. या तिन्ही मतांचा थोडक्यात परिचय करून द्यावा, ती तपासून पाहावीत आणि या टोपीचा आपल्या समाजाशी असलेला संबंधही वाचकांपुढे मांडावा, असा आमचा हेतू आहे.

टोपीचे रूप

गांधी टोपीची घडण अगदी साधी आहे. कपाळाभोवती बसणारी रुंद पट्टी, वर मध्यभागी दुमडून आत गेलेला कापडाचा भाग, पुढे व मागे किंचित टोकदार आकार. लांबून पाहिल्यास ती उपड्या नावेसारखी दिसते. मुळात ती पांढऱ्या खादीची. आता सुती व मिश्र धाग्यांच्या कापडाचीही मिळते. घडी घातली की ती सपाट होऊन खिशात मावते. घरी धुता येते, खळ देऊन इस्त्री केली की पुन्हा ताठ उभी राहते. तिला कापड थोडे लागते आणि साधारण शिवणकाम येणाऱ्या कोणालाही ती शिवता येते. उगमाचा वाद समजून घेताना ही वैशिष्ट्ये लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

‘टोपीकर’ आणि ‘पागोटेवाले’

आज महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पांढरी टोपी ही अस्सल मराठी वेशाची खूण मानली जाते. परंतु तीनशे वर्षांपूर्वी ‘टोपी’ या शब्दाला मराठीत निराळाच वास होता. रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्रा’त आणि इतर मराठी कागदपत्रांत पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच या युरोपीय लोकांना एकत्रितपणे ‘टोपीकर’ म्हटले आहे. म्हणजे टोपी घालणारा तो परका, आणि पगडी, पागोटे किंवा फेटा बांधणारा तो आपला, अशी ही सरळ विभागणी होती.

आपल्या लोकांतही डोक्यावरचे वस्त्र सर्वांचे सारखे नव्हते. पगडीची घडण, पागोट्याचा पीळ, फेट्याचा रंग यांवरून माणसाची जात, व्यवसाय आणि प्रांत ओळखता येत असे. पुण्याच्या ब्राह्मणाची पगडी वेगळी, प्रभूंची वेगळी, शेतकऱ्याचे पागोटे वेगळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी सुशिक्षितांत फेल्टची काळी टोपी रूढ होऊ लागली. हैदराबाद संस्थानात आणि म्हणून आपल्या मराठवाड्यात शेरवानीबरोबर लाल रंगाची, गोंडा असलेली रुमी टोपी प्रतिष्ठेची मानली जाई. ती मुसलमान तसेच हिंदू सुशिक्षितही घालीत. रुमी टोपीचा संबंध मोरोक्कोतील फेज शहराशी जोडतात. तुर्कस्तानचा सुलतान दुसरा महमूद याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस तिला राजमान्यता दिली, आणि त्याच तुर्कस्तानात १९२५ मध्ये कायद्याने तिच्यावर बंदी आली. टोपी केवळ डोके झाकत नाही, ती घालणारा कोणाच्या बाजूचा हेही ती सांगते, याचे हे एक उदाहरण होय.

डर्बनच्या न्यायालयातील प्रसंग

तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी यांना हा धडा १८९३ मध्ये मिळाला. दक्षिण आफ्रिकेत पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांतच ते डर्बनच्या न्यायालयात गेले. डोक्यावर पगडी होती. न्यायाधीशाने ती उतरविण्यास सांगितले. गांधीजींनी नकार दिला आणि ते न्यायालयातून बाहेर पडले. युरोपीय रीतीप्रमाणे वरिष्ठांसमोर टोपी काढणे हा आदर, तर भारतीय रीतीप्रमाणे चारचौघांत पगडी उतरविणे हा अपमान. एकाच कृतीचे दोन संस्कृतींत नेमके उलटे अर्थ होते.

पुढे गांधीजींच्या मनात पगडी सोडून इंग्रजी हॅट घालण्याचा विचार आला. त्यांचे अशील दादा अब्दुल्ला यांनी तो मोडून काढला. हॅट घातलीत तर लोक तुम्हाला हॉटेलातील वेटर समजतील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. या शेऱ्यामागचा संदर्भ गांधीजींनी आत्मकथेत स्पष्ट केला आहे. तेथील हिंदी ख्रिस्ती लोक बहुतेक गिरमिटिया मजुरांची मुले होती. त्यांचा पोशाख इंग्रजी होता आणि त्यांच्यापैकी बरेच जण हॉटेलात वेटरचे काम करीत. त्यांच्या हॅटवरूनच हा टोमणा होता. आपल्यासारख्या ख्रिस्ती वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. दारिद्र्यातून वर येऊ पाहणाऱ्या त्या आपल्या बांधवांना गोरे लोक आपले मानीत नव्हते, आणि हॅटमुळे स्वदेशीयही त्यांना आपल्यात धरीत नव्हते.

१८९४ मध्ये नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकिलीची शपथ घेताना मात्र गांधीजींनी न्यायालयाचा नियम म्हणून पगडी उतरवली. मित्रांना ते आवडले नाही. परंतु कोणत्या प्रश्नावर अडून बसावे आणि कोणत्या नाही, याचा विवेक त्यांनी त्या वेळी केला होता.

पहिले मत : तुरुंगातील टोपी

दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींचे निकटचे सहकारी हेन्री पोलाक यांच्या मते गांधी टोपी ही तेथील तुरुंगात कैद्यांना मिळणाऱ्या टोपीची प्रतिकृती आहे. १० जानेवारी १९०८ रोजी जोहान्सबर्ग येथे गांधीजींना पहिल्यांदा कारावासाची शिक्षा झाली. हिंदी सत्याग्रहींना तेथे आफ्रिकी कैद्यांच्या वर्गात ठेवले गेले, अन्न आणि कपडेही त्याच वर्गाचे मिळाले. गांधीजींनी हे अनुभव ‘इंडियन ओपिनियन’ या आपल्या पत्रात लिहिले आहेत.

या मतात मोठे आकर्षण आहे. कैद्याला हीन ठरविण्यासाठी दिलेली टोपी त्याने मानाने मिरवावी, ही कल्पना कोणाच्याही मनाला भिडेल. पोलाक यांनी तो काळ जवळून पाहिलेला आहे, हेही त्यांच्या बाजूने आहे. परंतु एक अडचण राहते. १९१३ मध्ये संपकरी मजुरांवर गोळीबार झाल्यानंतर गांधीजींनी गिरमिटियांचा वेश स्वीकारला, तेव्हा त्यांचे मस्तक उघडे होते. ९ जानेवारी १९१५ रोजी ते मुंबई बंदरात उतरले तेव्हा त्यांच्या डोक्यावर काठेवाडी फेटा होता. तुरुंगातील टोपी त्यांना इतकी मोलाची वाटली असेल, तर पुढील काही वर्षे ती कोठे होती, याचे उत्तर या मतात मिळत नाही.

दुसरे मत : काश्मिरी टोपी

दुसरे मत काकासाहेब कालेलकर यांनी नोंदविले आहे. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १८८५ मध्ये साताऱ्यात झाला. मातृभाषा मराठी असूनही त्यांनी गुजरातीत विपुल लेखन केले, आणि साबरमती आश्रमात ते गांधीजींच्या सहवासात राहिले. बापूंच्या आठवणी सांगताना त्यांनी टोपीविषयी खुद्द गांधीजींकडून ऐकलेली हकीकत दिली आहे. तिचा सारांश असा :

गांधीजींनी देशातील निरनिराळी शिरोवेष्टने एकामागून एक विचारात घेतली. आपल्या उष्ण देशात डोके झाकणे बरे, असे त्यांना वाटले. पंजाबी फेटा दिसतो छान, पण त्याला कापड फार लागते. पगडीत घाम मुरतो, तो दिसत नाही आणि ती सहजी धुताही येत नाही. गुजरातेतील उंच टोपी त्यांना कुरूप वाटली. महाराष्ट्रातील काळी टोपी त्यापेक्षा बरी, पण ती फेल्टची. उत्तर प्रदेश व बिहारकडील टोप्या अगदीच पातळ आणि निरुपयोगी. शेवटी काश्मिरी टोपीवर त्यांची नजर स्थिरावली. ती हलकी, नेटकी, शिवायला सोपी आणि घडी करून खिशात ठेवता येण्याजोगी होती. काश्मिरी लोक ती लोकरीची करतात. गांधीजींनी ती सुती करण्याचे ठरविले. रंग पांढरा निवडला, कारण त्यावर मळ आणि घाम लगेच दिसतो, त्यामुळे टोपी रोज धुवावी लागते व स्वच्छता आपोआप पाळली जाते.

ही हकीकत कालेलकरांनी पुढे अनेक वर्षांनी लिहिली, ही तिची मर्यादा होय. पण टोपीचा आकार, कापड आणि रंग या तिन्हींचा उलगडा एकट्या याच मतात होतो.

तिसरे मत : रामपूरची परंपरा

रामपूर येथील लोक आपल्या शहराला या टोपीचे जन्मस्थान मानतात. तेथील परंपरेनुसार १९१९ मध्ये गांधीजी रामपूरचे नवाब हमीद अली खान यांच्या भेटीस गेले. नवाबांसमोर मस्तक झाकून जाण्याची रीत होती, आणि गांधीजींजवळ टोपी नव्हती. बाजारात त्यांच्या मापाची टोपी मिळेना. तेव्हा मौलाना महंमद अली व शौकत अली या बंधूंच्या मातोश्री आबादी बानो बेगम यांनी आपल्या हाताने खादीची टोपी शिवून त्यांना दिली, अशी ही कथा आहे. ‘बी अम्मा’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या वृद्ध मातेने खिलाफत व असहकाराच्या काळात खादीचा प्रचार केला आणि मोठमोठ्या सभांतून भाषणे केली. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

ही कथा मुख्यतः स्थानिक परंपरेच्या आधारावर उभी आहे. टोपीला हाच आकार का आला, हे ती सांगत नाही. तथापि तिचा काळ जुळतो. गांधीजी पांढऱ्या टोपीत दिसतात ती छायाचित्रे साधारणपणे १९१९ ते १९२१ या वर्षांतीलच आहेत.

निर्णय काय?

तिन्ही मतांचे वजन पाहता, टोपीच्या घडणीपुरता आम्हाला कालेलकरांचा वृत्तान्त अधिक ग्राह्य वाटतो. तो थेट गांधीजींच्या बोलण्यावर आधारलेला आहे, आणि ज्या गुणांसाठी ही टोपी निवडली असे त्यात म्हटले आहे ते गुण आजही टोपीत दिसतात. पोलाक यांच्या मताने तिच्या आकाराचे एक साम्य लक्षात येते. रामपूरच्या परंपरेत एक विशिष्ट टोपी कोणी शिवली एवढेच सांगितले आहे. काश्मिरी नमुना आधीच मनात असताना बी अम्मांनी एखादी टोपी शिवून दिली असेल, तर या दोन हकीकतींत विरोधही राहत नाही.

या वादात आणखी एक गोष्ट ध्यानात येते. काश्मीरचे कारागीर, आफ्रिकेतील कैदी आणि रामपूरची मुसलमान माता, या तिघांपैकी कोणाच्याही बाजूने निकाल लागला, तरी ही टोपी कोणा एका धर्माची वा जातीची ठरत नाही. जिला आपण आज अस्सल मराठमोळी समजतो, तिच्यावर मूळचा हक्क सांगणारा महाराष्ट्रीय कोणीच नाही.

प्रसार, बंदी आणि गांधीजींचा त्याग

१९२० मध्ये असहकाराची चळवळ सुरू झाली आणि ही स्वस्त टोपी देशभर पसरली. पगडीवरून ओळखू येणारी जात एका पांढऱ्या कापडाखाली झाकली गेली. वकील, विद्यार्थी, शेतकरी सारे डोक्यापुरते तरी सारखे दिसू लागले. ‘गांधी टोपी’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले. इंग्रज अधिकाऱ्यांना तिच्यात राजद्रोह दिसू लागला. ठिकठिकाणी कार्यालयांत व न्यायालयांत ती घालण्यास मनाई झाली, आणि त्यामुळे तिचे मोल अधिकच वाढले.

नेमक्या याच वेळी गांधीजींनी ती उतरवली. गरिबाला अंगभर खादी परवडत नाही, या जाणिवेने २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराई येथे त्यांनी टोपी व बंडी सोडून केवळ पंचा नेसण्याचे ठरविले. आरंभी हा निश्चय ३१ ऑक्टोबरपर्यंतचा होता. तो पुढे आयुष्यभर टिकला.

मुंबईतील काळे दिवस

टोपीच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण याच वर्षी मुंबईत घडले. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरले. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. स्वागताला गेलेले पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन व युरोपीय लोक परतत असताना जमावाने त्यांना गाठले. ट्राममधील व रस्त्यावरील लोकांच्या डोक्यांवरून विदेशी टोप्या व हॅट हिसकावल्या गेल्या, मारहाण झाली, दुकाने जळाली. दुसऱ्या दिवसापासून उलट सूड सुरू झाला. पारशी, ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन वस्त्यांतून खादीची टोपी दिसेल त्या माणसावर हल्ले होऊ लागले. काही दिवसांत पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली.

गांधीजी त्या वेळी मुंबईतच होते. त्यांनी १९ नोव्हेंबरपासून उपोषण आरंभिले आणि शांतता प्रस्थापित झाल्यावर २२ नोव्हेंबरला हिंदू, मुसलमान, पारशी व ख्रिस्ती प्रतिनिधींच्या उपस्थितीत ते सोडले. बार्डोलीतील नियोजित कायदेभंग त्यांनी पुढे ढकलला. बहुसंख्यांनी अल्पसंख्यांची क्षमा मागावी, असे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. आमच्या मते टोपीच्या उगमाच्या वादापेक्षाही हे प्रकरण अधिक बोलके आहे. स्वेच्छेने घातलेली टोपी माणसाला निर्भय करीत होती. तीच टोपी दुसऱ्याने घातलीच पाहिजे असा आग्रह सुरू होताच ती भयाचे कारण झाली. दोष दोन्ही बाजूंनी घडला, आणि आपले ख्रिस्ती बांधवही त्यातून मुक्त नव्हते, हे सत्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

देशप्रेम डोक्यावरच्या वस्त्राने मोजता येत नाही, याचा दाखला त्याच मुंबईत होता. माझगावच्या माथारपाखाडीतील कॅथलिक बॅरिस्टर जोसेफ ‘काका’ बॅप्टिस्टा (१८६४-१९३०) हे लोकमान्य टिळकांचे सहकारी होते. १९१६ मध्ये टिळकांनी स्थापन केलेल्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष झाले आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. हे सर्व त्यांनी आपला ख्रिस्ती वारसा जपूनच केले.

मराठवाड्यातील टोपी

आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होताच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी औरंगाबादच्या महाविद्यालयातून ‘वंदे मातरम्’ आंदोलनाची ठिणगी पडली. संघटनेवरील बंदी उठण्यास १९४६ साल उजाडले. रुमी टोपी जेथे प्रतिष्ठेची, तेथे खादीची पांढरी टोपी डोक्यावर ठेवणे म्हणजे आपली बाजू उघड सांगणे होते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. विरोधाची टोपी सत्तेची टोपी झाली. ‘टोपी घालणे’ म्हणजे फसविणे हा वाक्प्रचार लोक पुढाऱ्यांना उद्देशून मिस्कीलपणे वापरू लागले. पण शेतकऱ्याने, वारकऱ्याने आणि मुंबईच्या डबेवाल्याने ती सोडली नाही. लग्नकार्यात टोपी-टॉवेलचा आहेर करण्याची रीत खेड्यांतून आजही पाळली जाते. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनात तिच्यावर अक्षरे छापली गेली. पुढे निरनिराळ्या पक्षांनी व संघटनांनी तिला आपापले रंग व घोषणा दिल्या.

ख्रिस्तमंदिराच्या दारात

आपल्या ग्रामीण धर्मग्रामांत पांढरी टोपी घालणारे वडीलधारे अजून दिसतात. मिस्सासाठी आत येताना ते टोपी काढतात. पुरुषाने उघड्या मस्तकाने प्रार्थना करावी, ही शिकवण संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. दुसरीकडे गुरुद्वारात व दर्ग्यात मस्तक झाकणे हाच आदर मानला जातो. डर्बनच्या न्यायालयात ज्या दोन रीतींची टक्कर झाली, त्या दोन्ही आपल्या शेजारी नांदत आहेत. कीर्तनात टोपी घालून बसणाऱ्या शेजाऱ्याचा आणि चर्चमध्ये ती खिशात ठेवणाऱ्या आपल्या आजोबांचा भाव एकच असतो.

घडी करून खिशात मावावी, हा कालेलकरांनी सांगितलेला गुण या आजोबांच्या उपयोगी पडतो, हेही येथे नमूद करावेसे वाटते. मिस्सा संपली की टोपी पुन्हा डोक्यावर जाते आणि मंडळी शेताची वाट धरतात.